समर्पणानंतरचं काम



‘प्रभूच्या हाती सोडून द्या.’ आपल्या मंडळ्यांमध्ये हे वाक्य ऐकलं नाही असा माणूस सापडणार नाही. आजाऱ्याच्या उशाशी ते म्हटलं जातं, नोकरी गेलेल्याच्या घरी म्हटलं जातं, प्रार्थनासभेत साक्ष संपताना तर हमखास. या वाक्यावर माझा पूर्ण विश्वास आहे, म्हणूनच ते सैलपणे वापरलेलं मला सोसत नाही. सोडून द्यायचं म्हणजे नेमकं काय सोडायचं, आणि सोडल्यावर हातात काय उरतं, हे आज मला तुमच्यासमोर मांडायचं आहे. त्यासाठी दूर जायची गरज नाही. पुणे, लोणावळा आणि सोलापूरच्या रेल्वेमार्गावरचं केडगाव, एवढ्या टापूत हा प्रश्न एका बाईने आयुष्यभर जगून दाखवला आहे. त्या म्हणजे पंडिता रमाबाई.

रमाबाईच का? ज्याच्या अंगात बळच नाही, त्याने ‘माझ्या बळावर काही होत नाही’ म्हटलं तर त्यात नवल नाही. रमाबाईंचं बळ अफाट होतं. विशीत असताना कलकत्त्याच्या विद्वानांनी त्यांना ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ म्हणून गौरवलं. १८८२मध्ये, पती निवर्तल्यावर, तान्ही मुलगी कडेवर घेऊन त्या पुण्यात आल्या आणि त्याच वर्षी त्यांनी आर्य महिला समाज उभा केला, ‘स्त्रीधर्मनीती’ हे पुस्तक काढलं, हंटर कमिशनपुढे साक्ष दिली. १८८७मध्ये अमेरिकेत ‘द हाय-कास्ट हिंदू वुमन’ प्रसिद्ध केलं आणि त्या देशभर भाषणं देत फिरल्या. बॉस्टनमध्ये त्यांच्या कामासाठी मंडळ स्थापन झालं, दहा वर्षं पैसे पुरवण्याचं वचन मिळालं. अशा बाईने आपल्या कर्तृत्वावरचा भरवसा खाली ठेवला. तो कसा ठेवला, हे बघण्यासारखं आहे.

सुरुवात बालपणापासून करावी लागते. अनंतशास्त्री डोंगरे यांचं कुटुंब तीर्थोतीर्थी पुराणं सांगत हिंडत असे. व्रतं, उपास, दानधर्म, स्नानं, जे जे शास्त्रात सांगितलं ते ते या घराने मनापासून केलं. १८७०च्या दशकातल्या दुष्काळात त्यांच्याजवळचं सगळं संपलं, आणि आधी वडील, मग आई, मग बहीण, थोड्या महिन्यांच्या अंतराने गेली. उरले रमाबाई आणि त्यांचे बंधू श्रीनिवास. दोघं हजारो मैल पायी चालली. कडाक्याच्या थंडीत पांघरायला काही नव्हतं, तेव्हा झेलमच्या काठी वाळूत खड्डे खणून दोघांनी स्वतःला मानेपर्यंत पुरून घेतलं आणि रात्र काढली. ही आठवण त्यांनी स्वतः लिहून ठेवली आहे.

इथे एक गोष्ट स्पष्ट करतो. ही कहाणी सांगून कोणी दुसऱ्याच्या धर्माला कमी लेखू लागला, तर तो रमाबाईंना समजलाच नाही. त्यांना जी वेदना झाली ती ‘अजून थोडं जास्त केलं असतं तर’ या हिशेबाची होती. हा हिशेब आपल्या देवळांत नाही का? उपवासाच्या प्रार्थना मोजणारे, दशमांश देऊन आशीर्वादाची वाट बघणारे, मुलाचा निकाल वाईट लागला की ‘आपलीच प्रार्थना कमी पडली’ म्हणून रात्र रात्र रडणाऱ्या आया आपल्यातच आहेत. देवाला पुरेसं दिलं की देव देईल, ही समजूत ख्रिस्ती झाल्याने आपोआप जात नाही.

रमाबाईंचीही गेली नाही. पुण्यातल्या पंचहौदच्या मिशनरी भगिनींशी त्यांची ओळख झाली होती, आणि त्याच भगिनींच्या इंग्लंडमधल्या वाँटेजच्या मठात त्या १८८३मध्ये गेल्या. लंडनमध्ये फुलम भागात त्यांनी एक आश्रयगृह पाहिलं. समाजाने टाकलेल्या बायकांना तिथल्या भगिनी माणूस म्हणून वागवत होत्या. हे कशामुळे, असं त्यांनी विचारलं, तेव्हा त्यांना योहानाच्या शुभवर्तमानातली शोमरोनी बाईची गोष्ट वाचून दाखवण्यात आली. नीलकंठशास्त्री, म्हणजे फादर नेहेम्या गोरे, यांच्या पत्रांनी बुद्धीच्या शंका फेडल्या. २९ सप्टेंबर १८८३ला रमाबाई आणि चिमुकली मनोरमा यांचा बाप्तिस्मा झाला. विचार करून, पुरावे तपासून घेतलेला निर्णय होता तो.

आणि तरीही आठ वर्षांनी त्यांच्या लक्षात आलं की आपण ख्रिस्ती धर्म स्वीकारला, ख्रिस्त मात्र अजून आपल्याला भेटलेला नाही. तोवर त्यांची विधवांसाठीची शाळा, शारदा सदन, उघडून दोन वर्षं झाली होती. ११ मार्च १८८९ला मुंबईत सुरू झालेलं सदन १८९०च्या अखेरीस पुण्याला आलं होतं. काम जोरात चाललं होतं. विल्यम हॅस्लम या इंग्रज पाळकाचं आत्मकथन त्यांच्या वाचनात आलं. हॅस्लम कॉर्नवॉलमध्ये कित्येक वर्षं पाळकी करत होते. १८५१मध्ये एका रविवारी व्यासपीठावर उभं राहून उपदेश करता करता आपल्या स्वतःच्याच उपदेशाने त्यांचं मन पालटलं. त्या पुस्तकात रमाबाईंनी स्वतःला पाहिलं असावं. इतरांना वाट दाखवणारा आपण अजून उंबऱ्याबाहेरच उभे आहोत, ही जाणीव कर्तबगार माणसाला फार जड जाते. त्या जागी त्यांनी पात्रता सिद्ध करण्याचा उद्योग थांबवला. आपण पापी आहोत, रिकाम्या हाताने आलो आहोत, आणि तारण हे दान आहे, कमाई नाही, एवढं मान्य केलं.

मग दुसऱ्या दिवशी त्यांनी काय केलं? शारदा सदनाची घंटा रोजच्यासारखी वाजली आणि त्या रोजच्यासारख्या कामाला लागल्या. त्यांच्या आयुष्यातली सगळ्यात मोठी कामं या क्षणानंतरची आहेत, आधीची नाहीत. समर्पण म्हणजे हातपाय गाळणं, असं ज्यांना वाटतं त्यांनी हा कालक्रम लक्षात ठेवावा.

बदल झाला तो दुसरीकडे. रमाबाई आपल्या खोलीत दार उघडं ठेवून प्रार्थना करत. मुली येऊन बसू लागल्या. पुण्यात गदारोळ झाला. ‘केसरी’ने टीकेची झोड उठवली. १८९३मध्ये न्यायमूर्ती रानडे आणि डॉ. भांडारकर यांच्यासारख्या सल्लागारांनी राजीनामे दिले, पालकांनी मुली काढून नेल्या. त्यांच्या बाजूनेही विचार केला पाहिजे. सदन धर्माच्या बाबतीत तटस्थ राहील असा त्यांचा समज होता, आणि तो समज मोडल्याचं दुःख खोटं नव्हतं. पण रमाबाईंनी दार लावून घेतलं नाही. माणसं टिकवण्यासाठी काही लपवायचं, ही धडपड त्यांनी सोडली होती. संस्था टिकेल की बुडेल, हा प्रश्न त्यांनी खरोखर देवाकडे दिला होता. संस्था चालवणाऱ्यांनी या क्षणाजवळ थोडं थांबावं. आपण पैसा देवाच्या हाती सोडतो, प्रकृती सोडतो, पण आपली संस्था? तिची किल्ली आपल्याच कमरेला असते.

पुढची पायरी लोणावळ्याची. १८९६च्या तिथल्या आध्यात्मिक शिबिराला त्या आपल्या पंधरा मुलींना घेऊन गेल्या. पहाटे एकट्या बसल्या असताना त्यांनी प्रार्थना केली, की या पंधरांचा वर्ग होऊ दे, दोनशे पंचवीस. मला ही प्रार्थना फार आवडते, कारण ती गणिती आहे. सगळं देवावर सोपवलेली बाई संदिग्ध बोलत नाही, आकडा सांगते. त्याच वर्षाच्या अखेरीस मध्य प्रांतात दुष्काळ पडला. स्वतः दुष्काळात घर गमावलेल्या रमाबाई तिकडे गेल्या आणि उपाशी, पोरक्या, विधवा मुलींना घेऊन आल्या. सुमारे ३०० जणी. पुण्यात प्लेगचं थैमान सुरू होतं, एवढ्यांना शहरात ठेवण्याची परवानगी नव्हती, म्हणून केडगावची जमीन उपयोगात आली. ‘मुक्ती’ची वस्ती अशी उभी राहिली. १९००च्या दुष्काळानंतर तिथे दोन हजारांच्या आसपास माणसं जेवत होती.

त्या काळात त्यांनी तीन चरित्रं वाचली होती: ब्रिस्टलला अनाथालयं चालवणारे जॉर्ज म्यूलर, चीनमध्ये काम करणारे हडसन टेलर, आणि पॅसिफिक बेटांवरचे जॉन पेटन. पैशासाठी माणसांपुढे हात न पसरता देवाकडे मागायचं, ही म्यूलर आणि टेलर यांची रीत. भारतात असं का होऊ नये, असा प्रश्न रमाबाईंना पडला. बॉस्टनच्या मंडळाची दहा वर्षं १८९८ला भरत होती. मात्र म्यूलरांचा नुसता कित्ता त्यांनी गिरवला नाही. मुक्तीत शेती होती, गुरं होती, विणकाम होतं, तेलाचा घाणा होता, छापखाना होता. अंध मुलींना ब्रेल शिकवलं जात होतं. उद्याचं धान्य देव देईल असं म्हणणाऱ्या बाईने विहिरी खणून घेतल्या. यात मला विसंगती दिसत नाही. विहीर खणणं आपलं. तिला पाणी लागेल की नाही, हे कुठल्याच खणणाऱ्याच्या हातात नसतं.

१८९८च्या उन्हाळ्यात अमेरिकेहून परतताना रमाबाई इंग्लंडमध्ये केझिकच्या संमेलनाला गेल्या. १८७५पासून भरणाऱ्या या संमेलनाची शिकवण थोडक्यात अशी: ख्रिस्ती माणूस पापाशी स्वतःच्या बळावर झुंजतो म्हणून हरतो, त्याने झुंज थांबवावी, स्वतःला पूर्ण अर्पण करावं, मग ख्रिस्तच त्याच्यात विजयी जीवन जगेल. आज आपल्या मंडळ्यांमध्ये समर्पणाबद्दल जे सांगितलं जातं, त्यातलं पुष्कळसं तिथून आलं आहे. यावर आक्षेपही झाले. प्रिन्स्टनचे बी. बी. वॉरफिल्ड यांनी उतारवयातल्या, म्हणजे १९१८च्या सुमाराच्या लेखनात या विजयी जीवनाच्या शिकवणीची कठोर चिकित्सा केली. त्यांचा मुद्दा असा की यात देव माणसाच्या होकाराची वाट बघत बसलेला दिसतो. म्हणजे शेवटी सगळं माणसाच्या समर्पण करण्यावरच येऊन ठेपतं.

हा आक्षेप मला पटतो. ‘तुझं समर्पण पुरेसं नाही’ असं ऐकून थकलेली तरुण मुलं आपल्याकडे कमी नाहीत. एकदा समर्पण केलं, जमलं नाही. पुन्हा केलं, पुन्हा पडलं. आणि मग समर्पणाचाच हिशेब सुरू झाला. ज्या वहीतून सुटायचं होतं, तीच वही नव्या कव्हरात. फिलिप्पैकरांस पत्रात पौल एकाच दमात दोन गोष्टी सांगतो: विश्वासणाऱ्यांनी झटावं, आणि झटण्याची इच्छा आणि ताकद दोन्ही देवच देत असतो. आधी एक संपवून मग दुसरी सुरू करावी, असं तो म्हणत नाही. आपल्या देशातल्या भक्तिपरंपरेत माकडीण आणि मांजरीचा दृष्टान्त आहे. माकडीणीचं पोर आईला घट्ट धरून राहतं, मांजरीचं पोर नुसतं लोंबकळतं, आईच त्याला उचलून नेते. शतकानुशतकं या दोन मतांत वाद झाला. पौलाचं म्हणणं यांपैकी कुठल्याच बाजूत नीट बसत नाही, आणि रमाबाईंचं आयुष्यही बसत नाही.

केझिकला त्यांना बोलायला थोडाच वेळ मिळाला. त्यांनी स्वतःच्या संस्थेसाठी काही मागितलं नाही. भारतातल्या ख्रिस्ती लोकांवर पवित्र आत्म्याचा वर्षाव व्हावा म्हणून प्रार्थना करा, अशी विनंती केली. जानेवारी १९०५मध्ये मुक्तीत सुमारे सत्तर जणींनी रोज एकत्र प्रार्थना सुरू केली. जूनपर्यंत ती संख्या पाचशेच्या वर गेली, आणि जूनच्या अखेरीस जे संजीवन सुरू झालं त्याची बातमी जगभर गेली. मुक्तीत काम करणाऱ्या मिनी अॅब्रम्स यांनी त्यावर लिहिलेली पुस्तिका चिलीतल्या वालपराइसो शहरात विलिस हूव्हर यांच्या घरी पोहोचली, आणि चिलीच्या पेंटेकॉस्टल चळवळीचा एक धागा त्यामुळे केडगावपर्यंत येतो. रमाबाई शिस्तीच्या बाई होत्या, वेळापत्रकाने चालणाऱ्या. मुली मोठ्याने रडत होत्या, एकाच वेळी मोठ्याने प्रार्थना करत होत्या. पाश्चात्त्य पाहुण्यांपैकी काहींना ते रुचलं नाही. रमाबाईंनी आवरायचा हुकूम काढला नाही. आपल्या मुली देवाशी त्यांच्या पद्धतीने बोलतील, एवढी मोकळीक त्यांनी दिली. प्रशासकाला हे सोडणं पैसा सोडण्याहून अवघड असतं.

आता एका प्रामाणिक अडचणीकडे येतो. रमाबाईंचा जन्म २३ एप्रिल १८५८चा. त्याच्या पाचच दिवस आधी, १८ एप्रिलला, धोंडो केशव कर्वे जन्मले. शारदा सदनात शिकलेल्या गोदूबाईंशी, म्हणजे पुढच्या आनंदीबाईंशी, कर्व्यांनी ११ मार्च १८९३ला विवाह केला. १८९६मध्ये त्यांनी विधवांसाठी आश्रम काढला, १९००मध्ये तो हिंगण्याला नेला, आणि १९१६मध्ये महिला विद्यापीठ स्थापन केलं. देवाच्या शक्तीवर विसंबण्याची भाषा त्यांनी केली नाही. चालत गेले, दारोदार वर्गणी मागितली, पै-पैचा हिशेब ठेवला, आणि शंभरी ओलांडेपर्यंत खपले. मग देवावर विसंबल्याशिवाय काही घडत नाही, असं आपण कोणत्या तोंडाने म्हणायचं?

तसं म्हणूच नये. कर्व्यांचं काम आपल्या विश्वासाला लाजवणारं नाही, आपल्या फुशारकीला लाजवणारं आहे. पाऊस देव सर्वांवर पाडतो, असं आपला प्रभूच शिकवतो. कर्व्यांच्या पायांतलं बळही त्याच हातचं, असं मी मानतो, ते मानोत वा न मानोत. विसंबून राहण्याचा लाभ जास्त यश मिळण्यात मोजायचा नसतो. रमाबाईंना मिळालं ते वेगळं होतं: अपयशाची भीती गेली, आणि स्वतःच्या थोरवीचं ओझंही गेलं.

यापुढचा मुद्दा मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. समर्पण कोणासमोर? वाँटेजच्या सिस्टर जेराल्डाइन रमाबाईंच्या आध्यात्मिक आई होत्या. त्यांच्यावर रमाबाईंचं प्रेम होतं. पण मठाच्या अधिकाराखाली बुद्धी गहाण ठेवण्याची वेळ आली, तेव्हा १८८५मध्ये त्यांनी पत्रातून स्पष्ट कळवलं की एका पुरोहितवर्गाच्या जोखडातून मी नुकतीच सुटले आहे, दुसरं जोखड मानेवर घेणार नाही. १८९१मध्ये अंतर्यामी बदल झाल्यावर ही बाई मवाळ झाली का? १८९७मध्ये पुण्याच्या प्लेग-इस्पितळात तरुण बायकांचे काय हाल होतात, आपल्या एका मुलीचं काय झालं, हे त्यांनी ‘बॉम्बे गार्डियन’मध्ये उघडपणे लिहिलं. राज्य इंग्रजांचं, धर्म त्यांचा आणि इंग्रजांचा एक, आणि शहरात वातावरण तापलेलं. सरकारने त्यांचं म्हणणं नाकारलं. त्यांनी ते मागे घेतलं नाही. देवापुढे गुडघे टेकलेल्या बाईला गव्हर्नरापुढे टेकण्याची गरज वाटली नाही.

म्हणून मारहाण करणाऱ्या नवऱ्याच्या घरी परत जाणाऱ्या बहिणीला ‘प्रभूच्या हाती सोड, सोसून घे’ असं सांगणाऱ्या पाळकांना मी हात जोडून विनंती करतो: रमाबाईंचं नाव त्या सल्ल्याबरोबर घेऊ नका. मुक्ती ही जागाच मुळात सोसणं थांबवण्यासाठी बांधली गेली. मधुमेहाच्या गोळ्या बंद करून ‘विश्वासाने’ राहा म्हणणाऱ्यांनाही हेच सांगणं आहे. देवाला दिलेला जीव माणसाने जपायचा असतो.

आणखी एक प्रश्न आपण क्वचित विचारतो: एकाच्या समर्पणाची किंमत कोण भरतो? नारायण वामन टिळकांनी १९१७मध्ये मिशनची पगारी नोकरी सोडली, संन्यस्त वृत्तीने ‘देवाचा दरबार’ उभारला. त्या निर्णयातली उंची मला मान्य आहे. मिशनच्या छायेतून बाहेर येऊन मराठी मातीत ख्रिस्त उभा करायची ती तळमळ होती. पण त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंचं ‘स्मृतिचित्रे’ वाचताना सतत कळत राहतं, की टिळकांच्या हातून पैसा देवासाठी आणि गरिबांसाठी सुटून जायचा, आणि चुलीवर काय चढवायचं हा प्रश्न लक्ष्मीबाईंकडे यायचा. टिळकांचा बाप्तिस्मा १८९५चा. त्या निर्णयाने मोडलेला संसार सावरत लक्ष्मीबाई स्वतः ख्रिस्ती झाल्या त्या पाच वर्षांनी, आपल्या पायांनी चालत, आपल्या कारणांनी. मला त्या दोघांत समर्पणाची जास्त ओळख लक्ष्मीबाईंना होती असं वाटतं, जरी कवी टिळक असले तरी. दुसऱ्याच्या ताटातलं उचलून देवाला अर्पण करता येत नाही. पूर्णवेळ सेवेसाठी नोकरी सोडायला निघालेल्या तरुणाला मंडळीने आधी विचारावं, की घरात बायकोशी बोललास का, आणि ती काय म्हणाली.

रमाबाईंनी सगळ्यात शेवटी जे सोडलं ते मनोरमा. त्यांच्यानंतर मुक्तीचं काम मनोरमाबाईंनी पाहायचं, हे जवळजवळ ठरल्यासारखं होतं. त्या उच्च शिक्षण घेऊन, वर्षानुवर्षं आईच्या खांद्याला खांदा लावून काम करत होत्या. २४ जुलै १९२१ला त्या गेल्या. रमाबाई तेव्हा त्रेसष्ट वर्षांच्या होत्या, कानांनी अधू, शरीराने खचलेल्या. त्यांनी संस्थेची पुढची व्यवस्था लावली आणि त्या बायबलच्या भाषांतराकडे परत वळल्या. हिब्रू आणि ग्रीक या भाषा त्या पन्नाशीच्या आसपास शिकल्या होत्या. संस्कृत ज्यांच्या जिभेवर होतं अशा पंडितेने, खेड्यातल्या बाईला वाचून कळेल अशा मराठीसाठी जवळपास दोन दशकं घालवली. खिळे जुळवणाऱ्या, छपाई करणाऱ्या, पानं बांधणाऱ्या मुली मुक्तीच्याच होत्या. त्यांच्यातल्या कित्येकींना अक्षरओळखही मुक्तीतच झाली होती. अखेरची प्रुफं तपासून झाल्यावर, ५ एप्रिल १९२२ला रमाबाई गेल्या. संपूर्ण बायबल १९२४मध्ये मुक्तीच्या छापखान्यातून बाहेर पडलं. ते हातात घेतलेलं त्यांनी पाहिलं नाही, आणि त्यासाठी त्या थांबूनही राहिल्या नव्हत्या.